पालिकेने कोर्टात काय कबूल केले? तडजोडीच्या पैशांचा माग काढण्याची रीत

आयुक्तांच्या दालनातली खुर्ची, संगणक, कधी गाडीसुद्धा जप्त करायला कोर्टाचा बेलिफ पालिकेत आला, अशी बातमी महाराष्ट्रात अधूनमधून येते. एक-दोन दिवस नामुष्कीची चर्चा होते, रक्कम भरली जाते आणि विषय मिटतो. पण मूळ रक्कम किती होती, त्यावर व्याज किती चढले, निकाल विरोधात गेल्यावर अपील मुदतीत केले होते का, आणि शेवटी तडजोडच करायची होती तर ती आठ-दहा वर्षे आधी का केली नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. जप्तीची वेळ न येता मिटलेल्या प्रकरणांची तर बातमीही होत नाही.

तडजोडीला माझा विरोध नाही. पालिकेची चूक असेल तर नागरिकाला वीस वर्षे कोर्टाचे उंबरठे झिजवायला लावण्यापेक्षा त्याच्याशी बोलून रास्त भरपाई देणे केव्हाही बरे. प्रश्न एवढाच आहे की पैसा करदात्यांचा आहे, म्हणून तडजोड कोणी ठरवली, कशाच्या आधारावर ठरवली आणि चुकीचा भार कोणी उचलला, हे कागदावर दिसले पाहिजे आणि तो कागद आपल्याला मिळाला पाहिजे. हा लेख महानगरपालिका डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. नगरपरिषद, जिल्हा परिषद यांचे कायदे वेगळे आहेत, पण माग काढण्याची रीत तीच.

तडजोड कुठे कुठे लपलेली असते

"तडजोड" म्हटले की आपल्याला कोर्टात दाखल होणारे तडजोडपत्र आठवते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे दोन्ही पक्षांनी सह्या केलेली लेखी तडजोड कोर्टापुढे येते आणि तिच्या आधारे हुकूमनामा (डिक्री) होतो. वकील मंडळी तिला सरसकट "कन्सेंट टर्म्स" म्हणतात. हा सर्वांत सोपा प्रकार, कारण तो कोर्टाच्या दप्तरात कायमचा राहतो.

दुसरा प्रकार लोकअदालतीचा. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार त्यावर अपील नाही. तिसरा लवादाचा: कंत्राटदाराचे बिल अडले, काम लांबले, दरवाढ मागितली, की प्रकरण लवादाकडे जाते. मोठ्या रकमा बहुधा इथेच असतात. चौथा जमिनीचा: आरक्षित भूखंडाच्या मालकाने एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा) कलम १२७ खाली खरेदीची नोटीस दिली, पालिकेने मुदतीत पावले उचलली नाहीत, आरक्षण रद्द झाले किंवा वाढीव मोबदला, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन मिटवावे लागले. यात कधी रोख पैसा एक रुपयाही जात नाही, पण शाळेची किंवा उद्यानाची जागा जाते.

पाचव्या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष जाते: पालिकेने *सोडून दिलेला* पैसा. थकीत मालमत्ता कराची शास्ती, होर्डिंगचे भाडे, मोबाइल टॉवरवरचा कर, भाडेपट्ट्याची थकबाकी, कंत्राटदारावर लावलेला दंड. पालिका इथे देणेकरी नसते, घेणेकरी असते, आणि तडजोडीत ती आपला हक्क कमी करून घेते. असा पैसा कुठल्याही प्रमाणकात (व्हाउचरमध्ये) दिसत नाही, कारण तो तिजोरीतून गेलेलाच नसतो. तो येणार होता, पण आला नाही. म्हणून माहिती अधिकारात माहिती मागताना "दिलेली रक्कम" एवढेच विचारले तर उत्तर अर्धेच मिळते. "माफ केलेली, कमी केलेली अथवा सोडून दिलेली रक्कम" हे शब्द प्रत्येक अर्जात घालावेत.

मंजुरी कुणाची लागते

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ४८१ मध्ये, आणि मुंबईपुरते १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५१७ मध्ये, दावे चालवणे, मागे घेणे, मान्य करणे आणि त्यांत तडजोड करणे याविषयीचे अधिकार सांगितले आहेत. काही बाबी आयुक्त स्वतः करू शकतात. पालिकेविरुद्धचा दावा मान्य करणे किंवा त्यात तडजोड करणे यासाठी मात्र स्थायी समितीची मंजुरी लागते. म्हणजे विधी विभागाने टिपणी करायची, आयुक्तांनी प्रस्ताव पाठवायचा, समितीने ठराव करायचा आणि मग वकिलाने कोर्टात सही करायची. हा क्रम नीट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा तपास या क्रमातली प्रत्येक तारीख जुळते का, हे पाहण्याचाच आहे.

इथे एक मोठा अपवाद येऊन गेला. मार्च २०२२ पासून मुंबई, पुणे यांच्यासह राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत संपत गेली आणि जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका होईपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात प्रस्ताव पाठवणारे आणि त्याला समितीच्या वतीने मान्यता देणारे अधिकारी एकच होते. तेव्हा झालेल्या तडजोडींची स्वतंत्र छाननी कुणी केलेली नसण्याची शक्यता जास्त. तुमच्या शहरात नवे सभागृह बसले असेल तर सुरुवात याच वर्षांपासून करा. नव्या नगरसेवकांनाही हा काळ तपासण्यात अडचण नसते, कारण त्यात त्यांची सही नाही.

सुरुवात कोर्टापासून करा, पालिकेपासून नको

पालिकेकडे थेट "सर्व तडजोडींची यादी द्या" असे मागितले तर "अशी यादी ठेवली जात नाही" हे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. तुमच्याकडे प्रकरणाचा क्रमांक असेल तर ते उत्तर देता येत नाही. आणि क्रमांक घरबसल्या मिळतो.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर जिल्हा निवडा, न्यायालय संकुल निवडा आणि पक्षकाराच्या नावाने शोधा. नोंदी बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून पालिकेचे नाव, "कमिशनर", "म्युनिसिपल कॉर्पोरेशन", संक्षिप्त नाव अशा सगळ्या रूपांनी शोधावे लागते. एकच पालिका चार वेगवेगळ्या स्पेलिंगने नोंदलेली सापडते. वर्ष टाकून "निकाली" प्रकरणे निवडा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो वहीत उतरवा. "निकालाचे स्वरूप" या रकान्यात "कॉम्प्रमाइज" किंवा "लोकअदालत" दिसले की ते प्रकरण बाजूला काढा.

प्रकरणाच्या नावापुढचा प्रकारही बरेच सांगतो. "आर.सी.एस." आणि "स्पेशल सी.एस." हे दिवाणी दावे. "एल.ए.आर." म्हणजे भूसंपादनाचा वाढीव मोबदला. आणि "दरखास्त" दिसली तर समजा की पालिका आधीच हरली आहे आणि हुकूमनाम्याची वसुली सुरू आहे. दरखास्तीवर खास लक्ष ठेवा. बेलिफ याच टप्प्यावर येतो, आणि घाईघाईची तडजोडही बहुधा इथेच होते.

उच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आदेश मोफत उतरवून घेता येतात. "कन्सेंट टर्म्स टेकन ऑन रेकॉर्ड अँड मार्क्ड एक्स फॉर आयडेंटिफिकेशन" अशा अर्थाची ओळ आदेशात असली की मूळ तडजोडपत्र त्या आदेशाला जोडलेले असते. ते संकेतस्थळावर नसले तर नक्कल घ्यावी लागते. तुम्ही पक्षकार नसाल तर नकलेच्या अर्जात कारण आणि बहुधा प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. इथे माहिती अधिकाराचा आग्रह धरून उपयोग नाही. न्यायालयीन दप्तरातल्या प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मिळतील, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र त्याच तडजोडपत्राची प्रत पालिकेच्या फाइलमध्येही असते, आणि ती पालिकेकडून माहिती अधिकारात मागता येते.

मग ठराव शोधा

हाती प्रकरण क्रमांक आणि निकालाची तारीख आली की त्या तारखेच्या आधीच्या सहा महिन्यांतल्या स्थायी समितीच्या विषयपत्रिका पाहा. अनेक महापालिका त्या आणि इतिवृत्त संकेतस्थळावर टाकतात. विषयाच्या शीर्षकात "तडजोड" हा शब्द असेलच असे नाही. "मे. कोर्टाच्या आदेशानुसार रक्कम अदा करणेबाबत", "दाव्याबाबत धोरणात्मक निर्णय घेणेबाबत", "विधी विभागाच्या अभिप्रायानुसार कार्यवाही करणेबाबत" असे काहीसे असते. आणि "आयत्या वेळचे विषय" जरूर वाचा. विषयपत्रिका आधी वाटली जाते, ती सदस्य वाचतात, पत्रकार वाचतात. आयत्या वेळी आलेल्या विषयाचे विषयपत्र समितीतल्या किती जणांनी वाचले असेल, हे सांगता येत नाही. कोट्यवधींची तडजोड आयत्या वेळचा विषय म्हणून का आली, हा एक प्रश्नच पुष्कळ काही उघड करतो.

ठरावाची तारीख कोर्टातल्या सहीनंतरची असेल तर थांबा. त्याचा अर्थ मंजुरी आधी घेतली नव्हती, ती नंतर "कार्योत्तर" घेतली गेली.

माहितीचा अर्ज कसा लिहावा

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढी मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात, कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा राज्याच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरून. एका प्रकरणासाठी एक अर्ज. दहा प्रकरणे एकत्र केली की नकाराला निमित्त मिळते.

मजकूर असा ठेवता येईल:

"विषय: ____ न्यायालयातील प्रकरण क्र. ____, सीएनआर क्र. ____, निकाल दि. ____.
या प्रकरणासंबंधी पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात:
१) तडजोडपत्र किंवा निवाडा;
२) तडजोडीचा प्रस्ताव, त्यावरील विधी विभागाची टिपणी व मंजुरीचा ठराव;
३) या प्रकरणात दिलेली, तसेच माफ, कमी अथवा सोडून दिलेली रक्कम, मुद्दल व व्याज वेगवेगळे, अर्थसंकल्पीय शीर्षासह;
४) अदायगीची प्रमाणके;
५) वकिलांना दिलेले एकूण शुल्क;
६) नुकसानीस जबाबदार अधिकारी वा कंत्राटदार निश्चित करण्याबाबतची टिपणी, आदेश व वसुलीची नोंद, अशी कार्यवाही झाली नसल्यास तसे लेखी कळवावे.
प्रकरणातील खासगी व्यक्तींची नावे, पत्ते, बँक तपशील व वैद्यकीय माहिती झाकून प्रती दिल्यास हरकत नाही."

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधली वैयक्तिक माहितीची सवलत डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने रुंदावली असून नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला आहे. आधी त्या कलमातच सार्वजनिक हिताची अट होती, ती आता राहिली नाही. त्यामुळे नाव मागितले की अर्ज फेटाळायला सोपे जाते. आपल्याला भरपाई मिळालेल्या विधवेचे नाव नको असते. तो खड्डा कुणाच्या अखत्यारीत होता, हे हवे असते. झाकण्याजोगे झाकून उरलेले द्या, असे कलम १० सांगते. आणि सार्वजनिक हित मोठे असेल तर सवलतीतली माहितीही देता येते, असे सांगणारे कलम ८(२) आजही जागेवर आहे. अधिकाऱ्यांची *पदनामे* बिनदिक्कत मागा.

सहावा मुद्दा मात्र कधीही वगळू नका. पहिले पाच पैसा कुठे गेला ते सांगतात, सहावा तो का गेला ते सांगतो. माझ्या मते सगळा तपास या एका कागदासाठी असतो, आणि बहुतेक वेळा "अशी कार्यवाही झालेली नाही" हेच उत्तर येते. ते लेखी हाती आले की पुढच्या प्रत्येक तक्रारीचा पाया पक्का होतो.

सोमवारी फाइल पाहायला जा

प्रतींची वाट बघण्याआधी एक सोपा मार्ग आहे. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा स्तरावरील व त्याखालील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात; सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही प्रथा त्याआधीच सुरू झाली होती. अर्ज केला नसला तरी जाता येते. पण कुठली फाइल हवी हे आठवडाभर आधी लेखी कळवले तर "फाइल अभिलेख कक्षात आहे" हे उत्तर टळते.

फाइल हाती आली की आधी टिपणीची पाने उघडा, पत्रव्यवहार नंतर. टिपणीत कनिष्ठ लिपिकापासून आयुक्तांपर्यंत प्रत्येकाने तारखेसह लिहिलेले असते. तारखा एका कागदावर उतरवा: निकालाची तारीख, नक्कल मागितल्याची, नक्कल मिळाल्याची, पॅनेलवरच्या वकिलांचे मत आल्याची, टिपणी वर गेल्याची, खाली आल्याची. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. वकिलाने "अपील करावे" असे लिहिले आहे आणि ती टिपणी मुदत संपल्यानंतर तीन आठवड्यांनी सहीला गेली आहे, असे दिसले की बाकी पुराव्याची फारशी गरज उरत नाही. पानांचे क्रमांक खाडाखोड केलेले किंवा मधलेच गायब असतील तर जागच्या जागी लेखी नोंद करून पोच घ्या. हवी ती पाने तिथेच अर्ज देऊन मागा.

शेजारी अजून एक माणूस बसलेला बरा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे.

नकार येतील तेव्हा

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." हे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येते. कायद्याच्या कलम ८(१)(ख) मध्ये फक्त न्यायालयाने स्पष्ट मनाई केलेली माहिती, किंवा जी दिल्याने न्यायालयाचा अवमान होईल अशी माहिती, एवढीच सवलत आहे. प्रकरण नुसते प्रलंबित असणे ही सवलत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्याच प्रकरणात म्हटले आहे. शिवाय तडजोड झाली म्हणजे प्रकरण संपले.

"तडजोडीत गोपनीयतेचे कलम आहे." दोन पक्षांनी आपसात करार करून संसदेचा कायदा बाजूला ठेवता येत नाही. इतर कायद्यांतल्या विसंगत तरतुदींवर माहिती अधिकार कायदा प्रभावी राहील, असे कलम २२ सांगते. लवादाच्या बाबतीत मात्र थोडे सांभाळून. २०१९ च्या दुरुस्तीने लवाद कायद्यात आलेले कलम ४२-क लवादाची कार्यवाही गोपनीय ठेवायला सांगते, आणि तेही इतर कायद्यांवर मात करणाऱ्या भाषेत लिहिले आहे. तिथे साक्षी, युक्तिवाद मागण्याच्या फंदात पडू नका. पालिकेचा ठराव, दिलेली रक्कम, अर्थसंकल्पीय शीर्ष मागा. ती पालिकेची स्वतःची कागदपत्रे आहेत. निवाड्याला कलम ३४ खाली आव्हान दिले गेले असेल तर तो निवाडा न्यायालयाच्या दप्तरातही पोहोचलेला असतो.

"विधी सल्ला गोपनीय आहे." कायद्यातल्या "माहिती"च्या व्याख्येतच अभिप्राय आणि सल्ला हे शब्द आहेत. चालू खटल्याची रणनीती पालिकेने उघड करावी, असे मीही म्हणणार नाही. पण संपलेल्या प्रकरणात, करदात्यांच्या पैशाने घेतलेला आणि ज्याच्या आधारे लाखो रुपये दिले तो सल्ला लपवण्याचे कारण उरत नाही.

"माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही, साधनसामग्री वळवावी लागेल." कलम ७(९) माहितीचे *स्वरूप* बदलायला परवानगी देते, माहिती नाकारायला नाही. अशा वेळी लगेच लिहा: "मग मला अवलोकन करू द्या."

तिसऱ्या पक्षाचे कारण देऊन कंत्राटदाराला नोटीस काढली गेली तर घाबरायचे कारण नाही. कलम ११ प्रमाणे त्याचे म्हणणे ऐकायचे असते, त्याची परवानगी घ्यायची नसते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील, जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपये शुल्क. अपिलात रागाने लिहू नका. अर्जातला मुद्दा क्रमांक, मिळालेले उत्तर आणि ते का अपुरे, असे तीन स्तंभ करा. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. मुदत उलटून मिळालेली माहिती मोफत द्यावी लागते, तेही अपिलात मागा. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस आहेत, पण राज्य माहिती आयोगात सुनावणीला फार वेळ लागतो. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहाच. निम्मी प्रकरणे तिथे समोरासमोर बोलून सुटण्याजोगी असतात.

व्याजाचा हिशेब मांडा

कागद आले की लोकांना आणि नगरसेवकांना पटेल असा एकच आकडा काढायचा: उशिराची किंमत. उदाहरण म्हणून धरू की हुकूमनामा ४० लाखांचा आणि सरळ व्याज ९ टक्के. वर्षाला ३ लाख ६० हजार. दिवसाला जवळजवळ एक हजार रुपये. दहा वर्षांनी पालिका ७६ लाख देते, त्यातले ३६ लाख निव्वळ व्याज. आता टिपणीतल्या तारखा शेजारी ठेवा. फाइल एकाच टेबलावर सात महिने पडून होती असे दिसले तर त्या सात महिन्यांची किंमत २ लाख १० हजार. हा आकडा कुणा अधिकाऱ्यावर आरोप करत नाही, पण त्याच्याकडून उत्तर मागतो.

वकील शुल्क, नकलांचा खर्च, लवादाचे मानधन हे यात वेगळे दाखवा. तडजोडीच्या रकमेपेक्षा ती लढवण्याचा खर्च मोठा निघालेली प्रकरणेही असतात, आणि तशा ठिकाणी टीका तडजोडीवर न करता ती उशिरा केल्यावर करावी.

जबाबदारी कुणाची, हे विचारायला कायद्याचा आधार आहे

सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ मध्येच सांगितले आहे की अधिकाऱ्यांच्या मनमानीपायी भरपाई द्यावी लागली तर तो बोजा शेवटी करदात्यांवर पडतो. म्हणून सार्वजनिक निधीतून भरपाई आधी द्यावी, पण जबाबदार व्यक्ती शोधून त्यांच्याकडून ती वसूल करावी, एकाहून अधिक असतील तर वाटून. ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारने ६६३ दिवस उशिरा केलेले अपील फेटाळताना न्यायालयाने २५ हजार रुपयांचा खर्च लावला आणि तोही जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितला.

आपल्याकडचा सर्वांत ताजा आणि रोजच्या जगण्याला भिडणारा आधार मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश १३ ऑक्टोबर २०२५ रोजी झाला. दोषी अधिकारी आणि कंत्राटदारांकडून रक्कम वसूल करण्याचीही त्यात तरतूद आहे. भरपाई ठरवायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. तुमच्या पालिकेत या आदेशाखाली किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती रक्कम दिली आणि त्यातली किती कंत्राटदाराकडून परत आली, हा एक अर्ज प्रत्येक शहरातून गेला पाहिजे. खड्डा पडलेला रस्ता दोषदायित्व कालावधीत (कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) होता का, हेही त्यातच विचारा. होता, तर भरपाई पालिकेच्या माथी का, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

कागद घेऊन कुणाकडे जायचे

पहिली जागा तुमचा नगरसेवक. त्याला तक्रार नको, तयार लेखी प्रश्न द्या. सभेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्तात नोंदले जाते. दुसरी जागा पालिकेचे मुख्य लेखापरीक्षक आणि राज्याची स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा. "या प्रमाणकाची तपासणी करून जबाबदारी निश्चितीबाबत आक्षेप नोंदवावा" अशा नेमक्या शब्दांत, कागद जोडून लिहा. लेखापरीक्षकाचा आक्षेप वर्षानुवर्षे पुसला जात नाही, त्याचे अनुपालन द्यावेच लागते.

ठराव बेकायदा किंवा जनहितविरोधी असेल तर १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते. हा अर्ज लवकर करण्यातच अर्थ आहे. रक्कम दिली गेली आणि कोर्टाने तडजोडीचा हुकूमनामा केला की ठराव विखंडित होऊनही पैसा परत येत नाही. मग मार्ग कोर्टाचाच उरतो, आणि तडजोडीच्या हुकूमनाम्याविरुद्ध वेगळा दावा करायला दिवाणी प्रक्रिया संहितेचीच मनाई आहे, म्हणून आधी चांगला वकील गाठा. गैरकारभाराची तक्रार लोकायुक्तांकडे, लाचेचा ठोस पुरावा असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे. नुसत्या संशयावर तिथे गेलात तर खऱ्या प्रकरणाचे वजन कमी होते.

एकेक अर्ज कायमचे कसे थांबतील

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) नुसार पालिकेने अर्थसंकल्प, खर्च आणि वितरित रकमांचे अहवाल आपणहून जाहीर करायचे आहेत. त्याच आधारावर आयुक्तांकडे लेखी मागणी करा की विधी विभागाने दर तिमाहीला एक तक्ता संकेतस्थळावर टाकावा: प्रकरण क्रमांक, संबंधित खाते, कशाबद्दल, मूळ मागणी, मुद्दल, व्याज, माफ केलेली रक्कम, वकील शुल्क, ठराव क्रमांक व तारीख, वसुलीची स्थिती. यात कुणाचेही खासगी नाव नाही. अशक्य काही मागतो आहोत असेही नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहराचा विधी विभाग निकाल आणि तडजोडींपोटी दिलेल्या रकमांच्या याद्या कित्येक वर्षे प्रसिद्ध करतो, आणि तिथे एक लाख डॉलरपेक्षा मोठ्या तडजोडीला नगर परिषदेची मंजुरी लागते. न्यूयॉर्कचे नगर लेखानियंत्रक शहरावरच्या दाव्यांचा अहवाल दरवर्षी काढतात आणि कुठल्या खात्यामुळे किती पैसा गेला ते त्यात दिसते.

खात्याचा रकाना माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी. पाच वर्षांचा तक्ता समोर आला आणि भरपाईची निम्मी प्रकरणे एकाच खात्याची निघाली, तर पुढचा अर्थसंकल्प मांडताना कुठली दुरुस्ती आधी करायची, हे सांगायला वेगळा अभ्यास नको.

मिळवलेले कागद व्हॉट्सॲप गटात किंवा वर्तमानपत्रात देण्याआधी प्रत्येक पान पुन्हा वाचा. पालिकेने झाकायला विसरलेली नावे, खाते क्रमांक, वैद्यकीय अहवाल तुम्ही काळ्या शाईने झाका, त्या झाकलेल्या पानाची झेरॉक्स काढा आणि तीच पुढे पाठवा. मूळ प्रत, पोच आणि पाकीट एका फोल्डरमध्ये प्रकरण क्रमांक घालून ठेवा. दुसऱ्या अपिलाची तारीख लागेल तेव्हा ती तुमच्याकडेच मागितली जातील.